माळ्यावर जीव ठेवायचा नसतो

भावजी, काल पुन्हा पाणी भरलं. तुमच्या खोलीत खाटेच्या पट्टीला लागेल एवढं चढलं होतं. खंड्या वर आहे, माझ्या पायाशी ओल्या गोणपाटाचा वास मारत झोपलाय. हे आधी सांगते, कारण तुम्ही असतात तर आधी त्याचीच चौकशी केली असतीत, आमची नंतर, चहा झाल्यावर. आम्हीही बरे आहोत. मी डॉक्टरांना विचारून गोळी घेतली आहे. तुमचे दादा खुर्चीत बसलेत आणि त्यांचा घसा बसलाय. तो का बसला ते सांगायलाच तर हे लिहितेय.

पण सरळ लिहून होत नाही. सकाळपासून कितीदा तरी बसले आणि उठले. मध्येच गॅलरीत जाऊन आभाळ बघते, मध्येच फोनवर भरतीची वेळ बघते, मध्येच खंड्याच्या नाकाला हात लावते. तो एक डोळा उघडतो आणि मिटतो. त्यालाही माझी कटकट झाली असेल.

पेपरात तुमची चौकट आली. तिच्यात वय आहे, गाव आहे, 'अल्पशा आजाराने' आहे. अल्पसा! ज्याने तो शब्द शोधून काढला त्याला एकदा त्या वॉर्डात नेऊन उभा करायला हवा होता. फोटो चाळीच्या सत्यनारायणाला काढलेला. त्यात तुमच्या पायाशी खंड्या होता, तो कापून टाकला. मला ते मुळीच आवडलं नाही आणि मी तसं बोललेही. तुमचे दादा म्हणाले, कुत्र्याचे पैसे वेगळे लावतील. हा त्यांचा विनोद होता. नंतर मोरीत जाऊन तोंड धूत राहिले.

ते सगळं छापून झालेलं आहे, त्यामुळे मी पुन्हा सांगत नाही. मला तुम्हाला एकच विचारायचंय. त्या दिवशी मी गॅलरीतून हाक मारली, ती तुम्हाला ऐकू आली होती का?

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेतून येऊन दप्तर फेकायचात आणि परातीतली पोळी उभ्या उभ्या उचलायचात. तेव्हापासून तुम्ही 'वैनी, तुमका काय कळणा नाय' म्हणत आलात आणि मी 'भावजी, तुम्ही गप्प बसा' म्हणत आले. पुढे आम्ही याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली, तुम्ही तळमजल्याच्या जुन्या खोलीतच राहिलात. लग्न केलं नाहीत. मी शोधलेल्या सगळ्या मुली नाकारल्यात आणि भोईवाड्याच्या कोर्टामागे गटाराच्या कडेला कुडकुडत असलेलं एक पिल्लू शर्टात घालून घरी आणलंत. मी म्हटलं, "अहो, माणूस आणा." तुम्ही म्हणालात, "ह्यो काय कमी आसा?" तो खंड्या.

परळच्या या आमच्या चाळीत पाणी कसं भरतं ते बाहेरच्यांना कळत नाही. लोकांना वाटतं पाणी दारातून येतं. दाराचा उंबरा तर तळमजल्यावर प्रत्येकाने सिमेंटने गुडघ्याएवढा करून घेतलाय. पाणी आधी येतं ते मोरीतून. वर मुसळधार आणि समुद्राला भरती, की गटारं उलटतात आणि मोरीच्या भोकातून काळं पाणी बुडबुडे काढत चढायला लागतं. म्हणून बायका भोकात चिंध्या कोंबतात, वर पाटा ठेवतात. मग सिलिंडर, मग फ्रिज विटांवर, मग गाद्या, तांदळाचा डबा, मुलांची दप्तरं, सगळं माळ्यावर. हात आपोआप चालतात. आणि त्याच झपाट्यात मांजरही माळ्यावर टाकतात. शिडी चाळीत एकच, ती लगेच पुढच्या घरी जाते. दाराला कुलूप, आणि माणसं वरच्या मजल्यावर. उंचावर ठेवलं म्हणजे वाचलं, हा आमच्याकडचा हिशोब.

तुम्ही त्यावर भडकायचात. "माळ्यार तांदूळ ठेवतत, वैनी. जीव ठेवूचो नसता."

तांदळाचा डबा गप्प बसतो, मांजर बसत नाही, हे तुमचं म्हणणं. खाली पाणी हलतं, भांडी तरंगून एकमेकांवर आपटतात, दिवे गेलेले असतात. मांजर आधी गाद्यांच्या मागे दडतं, हाक मारली तरी ओ देत नाही. मग बाहेर जिन्यावर आपल्या माणसाचा आवाज आला की त्या दिशेने उडी घेतं. माळ्याला दुसरं दार नसतं. तुम्ही हे इतक्या वेळा सांगितलंत की मला पाठ झालं. लोक मान हलवायचे आणि पुढच्या पाण्याला पुन्हा मांजर माळ्यावर.

जनावराला आधी कळतं की नाही, यावर तर आपण वर्षानुवर्षं भांडलो. खंड्या मोरीपाशी जाऊन नाक लावून उभा राहायचा, जांभया द्यायचा, ओठ चाटायचा, खोलीत येरझाऱ्या घालायचा, आणि खरंच थोड्या वेळाने पाणी यायचं. तुम्ही छाती फुगवून म्हणायचात, "बघा! कुत्र्याक आधी कळता."

"कळत नाही हो, वास येतो," मी म्हणायची. "गटार उलटलं की आधी घाण सुटते, मग उंदीर बाहेर पडतात. त्याला उंदरांचा वास येतो. तो काय वेधशाळेत आहे?"

"मगे ताकाच तर कळणा म्हणतत, वैनी!"

त्यावर मी चहाचे कप उचलायची. भांडण तिथेच राहायचं. अजून तिथेच आहे.

मोठं वादळ आलं होतं ते आठवतं? चाळीच्या छपराचे पत्रे उडत होते आणि आम्ही सगळे दारं लावून बसलो होतो. खंड्या मोरीतल्या धुण्याच्या दगडाच्या आडोशाला जाऊन बसला. धापा टाकत होता, थरथरत होता. मी त्याला ओढून मांडीवर घ्यायला गेले, तर त्याने माझ्यावर दात काढले. मला राग आला आणि वाईटही वाटलं, इतकी वर्षं माझ्या हातचा भात खाल्ला आणि माझ्यावर गुरगुरतो! तुम्ही म्हणालात, "तेका ओढू नका. थंय तेका बरा वाटता. तुमी बाजूक बसा, बस." मग मी, शाळेतून निवृत्त झालेली बाई, मोरीच्या ओल्या फरशीवर पाट घालून कुत्र्याच्या शेजारी बसले. तुम्ही दाराशी बसून त्याला काहीबाही सांगत होतात, गावच्या आंब्यांचं, कसलं कसलं. वारा पडेपर्यंत तसेच बसलो. अर्ध्या वेळेनंतर त्याने आपणहून माझ्या पायावर हनुवटी टेकली. एवढं शांत मला त्या दिवशी तरी दुसरं कुठे वाटलं नसतं.

हे मी विसरलेली नाही, भावजी. रागात असले तरी.

तुमच्या सगळ्या तऱ्हा अशाच. चाळीतल्या प्रत्येक कुत्र्यामांजराच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर, पुसट झाला की तुम्हीच पुन्हा लिहायचात. मांजरं नेण्यासाठी तुम्ही घराघरातून जुने उशांचे अभ्रे मागून आणले होते. भेदरलेलं मांजर हातात धरलं तर ओरबाडून निसटतं, अभ्र्यात घातलं की अंधारात गप्प होतं, श्वासही घेता येतो. माझा नवा भरतकामाचा अभ्रा तुम्ही त्यात नेलात आणि मी आठवडाभर बोलले नव्हते. पाणी चढत असताना कुत्र्याला बांधून ठेवायचं नाही, हा तर तुमचा देवाचा शब्द. साखळीला बांधलेलं जनावर साखळीएवढंच पोहतं, म्हणायचात.

माझं म्हणणं वेगळंच होतं आणि ते तुम्ही कधी नीट ऐकूनच घेतलं नाहीत. मी म्हणायची, पाणी यायच्या आधी, सगळं कोरडं असताना, सगळी जनावरं वर आणा. मग कुणाला पाण्यात उतरायला नको. तुम्ही म्हणायचात, कोरड्यात कोण देतं आपलं मांजर? पाणी दिसल्याशिवाय आपल्या लोकांना पाणी खरं वाटत नाही. आणि मग तुम्ही पाण्यात उतरायचात. दरवर्षी उतरायचात. चाळीने त्याची सवय लावून घेतली होती. मी नाही.

आषाढातला तो दिवस मला पुन्हा पुन्हा दिसतो. तळमजल्यावरची रमाताई, जिच्याकडून पौर्णिमेची खीर आपल्याकडे यायची, ती लालबागला मसाल्याच्या दुकानात कामाला. सकाळी मोरी गुडगुडायला लागली तशी तिने सगळं सामान वर केलं, आपल्या मांजरीला, चिंगीलाही, माळ्यावर ठेवलं, शिडी पुढे दिली आणि कामावर गेली. दुपारी तुम्ही आमच्याकडे वरच होतात. खंड्याही. दोघे कोरडे. तुम्ही चहा पीत होतात, बशीत ओतून, फुर्र फुर्र आवाज करत. तेवढ्यात रमाताईचा फोन आला. ती रडत होती, की चिंगी आत आहे आणि दुकानाबाहेर कमरेएवढं पाणी आहे. चाव्या तर सगळ्यांच्या तुमच्याकडेच.

मी म्हटलं, "भावजी, मांजर आहे ते. पाणी उतरेल तासाभरात."

"काय होवचा नाय," म्हणालात आणि बशी खाली ठेवलीत.

मी गॅलरीत आले तोवर तुम्ही अंगणात पोचला होतात, कमरेएवढ्या काळ्या पाण्यात, अनवाणी. चपला जिन्यावर काढून ठेवल्या होत्यात, वाहून जातील म्हणून. मी हाक मारली. "भावजी! मागे या! भावजी!" माझा आवाज तुम्हाला माहितीय. शाळेच्या पटांगणात मला कधी भोंगा लागला नाही. तुम्ही अगदी माझ्या पायांखालीच अंगणात होतात. मी पुन्हा मारली, पुन्हा पुन्हा मारली. तुम्ही मान वर केली नाहीत. सरळ रमाताईच्या दाराकडे गेलात.

परत आलात ते खांद्यावर अभ्रा घेऊन. अभ्र्याच्या तोंडातून चिंगीचा एक कान दिसत होता. "जिती आसा, वैनी," म्हणालात आणि हसलात. पायाला कसलातरी पत्रा लागून रक्त येत होतं. पाय धुवायला गरम पाणी दिलं, साबण दिला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका आल्या, पाण्यातून चाललेल्यांना तपासून लेप्टोच्या, उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या त्या तापाच्या, गोळ्या देत होत्या. तुम्ही चाळभर फिरून लोकांना बोलावून आणलंत. तुमचं विचारलं तर "उद्या घेतंय, आज पित्त झाला हा."

खंड्याला दरवर्षी त्याच आजाराची लस असते, भावजी. तुम्हीच त्याला रिक्षा मिळाली नाही तर उचलून न्यायचात. त्याच्या त्या सुईत लेप्टोपण असतो, असं मला तुम्हीच एकदा समजावून सांगितलं होतंत, मोठ्या शहाणपणाने. डॉक्टरांनी वॉर्डात तुमच्या आजाराचं नाव घेतलं तेव्हा मला ते आठवलं आणि मी तिथे, सगळ्यांसमोर, हसले. तुमच्या दादांना वाटलं मला काहीतरी झालं.

ताप, मग पोटऱ्या दुखणं, मग डोळे हळदीसारखे पिवळे. एका संध्याकाळी तुम्ही शुद्धीवर होतात. मला बघून पहिलं काय विचारलंत? "खंड्या जेवता मा?" मी म्हटलं, जेवतो. तो जेवत नव्हता, तुमच्या दारात बसून होता. मला तेव्हाच विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण भेटीची वेळ संपली, सिस्टर आल्या, आणि मी म्हटलं, बरे होऊन घरी आलात की भांडू.

तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे. तुम्हाला ऐकू आलं होतं. माझ्या आवाजाला ऐकू न यायला काय झालं? ऐकलंत आणि ठरवलंत की मांजर आधी. इतकी वर्षं तुम्हाला वाढलं, तुमच्या आजारपणात उशाशी बसले, तुमच्या आईनंतर तुमचे लाड केले ते मीच, आणि माझ्या एका हाकेला तुम्ही मान वर केली नाहीत. लोक भेटायला आले, म्हणाले, देवमाणूस, मुक्या जिवांसाठी गेला. मी मान हलवली. मला आतून ओरडावंसं वाटत होतं की आम्ही बोलके होतो म्हणून आमचं काहीच नाही का?

रमाताई भेटायला आली ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"वैनी, मीच ठेवली तिला माळ्यावर," ती म्हणाली. "भाऊ किती वेळा बोलले होते, ठेवू नको. मला वाटलं, वर सेफ आहे. आई पण तेच करायची, मी पण तेच केलं."

"सगळेच करतात, रमा."

"चिंगीला देऊन टाकू का कुणाला? मला तिच्याकडे बघवत नाही."

मला तिच्यावर चिडता आलं नाही. मी तिला आत ओढली, पाणी दिलं. म्हटलं, "चिंगीला दिलंस तर माझ्याशी गाठ आहे. ती जिवंत राहायलाच हवी आता. म्हातारी होऊ दे चांगली." ती रडली. मी रडले नाही. मी तेव्हापासून रडलेच नव्हते. तुमच्या कार्याला आलेल्या सगळ्यांना मी स्वतः वाढलं, कुणाच्या पानात काय कमी आहे ते बघत फिरले, आणि बायका आपापसात म्हणाल्या, वैनी किती घट्ट आहेत. घट्ट कसली, रागावलेली होते.

आणि मी दादांना शपथ घातली. या घरातलं माणूस यापुढे जनावरासाठी पाण्यात उतरणार नाही. त्यांनी माझा हात दाबला. ते माझ्या बाजूचे होते.

काल सकाळी सगळ्यांच्या फोनवर इशारा आला. अतिवृष्टी, आणि दुपारी मोठी भरती. आभाळ नुसतं भरलेलं, थेंब नव्हता. मी पदर खोचला आणि तळमजल्यावर उतरले, दार न दार वाजवलं. तुमचं काम माझ्या पद्धतीने करायचं ठरवलं होतं मी.

"मावशी, अजून पाऊस तरी कुठेय?" एकजण म्हणाला.

"पाऊस आल्यावर तुझं मांजर घ्यायला कोण येणार आहे? भाऊ?" मी म्हटलं.

तो आत गेला आणि मांजर घेऊन आला. भावजी, ते वाक्य मी प्रत्येक दारात म्हटलं. क्रूर होतं, पण लागू पडलं. कोरड्यात दिली हो लोकांनी जनावरं. तुम्ही म्हणायचात देणार नाहीत, दिली. रमाताई तर कामावर न जाता चिंगीला अभ्र्यात घालून सगळ्यांत आधी वर आली.

आमची गॅलरी बघायला हवी होतीत. एका टोकाला लव्हबर्ड्सचा पिंजरा, वर चादर टाकलेली. खोलीत मांजरं, एक पलंगाखाली, एक शिलाई मशिनमागे, एकमेकींवर फिसकारत. कुणाचं तरी पिल्लू आमच्या देव्हाऱ्यापाशी घाण करून मोकळं झालं. तुमचे दादा खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसत होते. "तुजो दीर वरून बघता आसतलो," म्हणाले. पलंगाखालच्या मांजरीला ओढायचं नाही, हे मीच पोरींना दटावून सांगितलं. माझ्या तोंडून तुम्ही बोलत होतात आणि मला त्याचाही राग येत होता.

खंड्याला मी गॅलरीच्या कठड्याला बांधलं होतं, मांजरांवर जाऊ नये म्हणून. पाऊस आला तो एकदम आला, समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली. खाली मोऱ्या गुडगुडायला लागल्या. खंड्या उभा राहिला, जांभया द्यायला लागला, साखळी ताणून कुंईकुंई करायला लागला. तुमचा शब्द आठवला, पाणी चढताना बांधायचं नाही. मी त्याचा हूक काढला. तो पायांमधून सुटला आणि जिन्याने खाली गेला.

कुठे गेला ते विचारायची गरजच नव्हती. तुमच्या दाराला नुसती कडी असते, तो ती धक्क्याने उघडतो. भेदरलेलं जनावर ओळखीच्या जागी जातं, हेही तुम्हीच सांगितलेलं.

आता मी जे सांगते ते खरं सांगते. मी शपथ मोडायची असं काही ठरवलं नाही. मला शपथ आठवलीच नाही. दादा आठवले नाहीत, माझे गुडघे आठवले नाहीत, तुम्हीही आठवला नाहीत. मी जिन्यावर होते, मग मी पाण्यात होते, मांडीपर्यंत. पायात दादांचे गमबूट होते म्हणे, ते मी कधी चढवले मला ठाऊक नाही, त्यात पाणी भरून ते जड झाले होते. मला फक्त खंड्याचं ते बारीक कुंईकुंई ऐकू येत होतं, तुमच्या खोलीतून, आणि ते चालू आहे ना एवढंच मी ऐकत होते. भिंतीला हात लावून लावून गेले. उंबरा पायाने चाचपला, पलीकडे पाय टाकला.

तो तुमच्या खाटेवर होता, उशीला टेकून. पाणी गादीला लागलं होतं. मला बघून गुरगुरला. मी ओढलं नाही. खाटेच्या कडेला बसले, पाण्यात पाय सोडून, आणि त्याच्याशी बोलले. काय बोलले ते सांगत नाही, तुम्ही असतात तर खांदे उडवून हसला असतात. मग त्याने माझ्या दंडात तोंड खुपसलं. तुमची चादर त्याच्याभोवती गुंडाळली आणि उचलला. केवढा जड झालाय, तुम्ही फार खायला घातलंत त्याला.

जिन्याच्या खालच्या पायरीवर तुमचे दादा उभे होते, पाण्यात. रमाताईने त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला होता. त्यांनी खंड्याला माझ्याकडून घेतलं, वरच्या पायरीवर ठेवलं, आणि मग माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला लागले, पण आवाजच फुटेना. घोगऱ्या घशातून कसंबसं आलं, "किती हाको मारलंय! एकदा तरी वर बघूचा!"

"कधी?" मी विचारलं.

रमाताई म्हणाली, "वैनी, काय बोलता? अख्ख्या चाळीला ऐकू आलं. समोरच्या बिल्डिंगवाले खिडक्या उघडून बघत होते. तुम्ही अंगणात होता, ते बरोबर तुमच्या डोक्यावर उभे राहून ओरडत होते."

मला ऐकू आलं नव्हतं, भावजी. शपथेवर सांगते, एकही नाही. मी ऐकून टाळलं नाही, कुत्रं आधी आणि दादा नंतर असं काही ठरवलं नाही. ते ओरडत होते आणि ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. कालपासून मी ते आठवायचा प्रयत्न करतेय, एखादी तरी हाक, अर्धी तरी. काहीच नाही.

म्हणजे तुम्हालाही आली नसेल. तुम्ही मान वर केली नाहीत, कारण तुम्हाला ठाऊकच नव्हतं की मी वर उभी आहे.

आता मी काय करू? इतके दिवस त्या रागाला धरून मी उभी होते. उठत होते, स्वयंपाक करत होते, लोकांना वाढत होते. काल संध्याकाळी तो रागही गेला आणि मी जिन्यावरच, ओल्या कपड्यांत, सगळ्यांसमोर बसून रडले. दादा पाठीवर हात ठेवून बसले होते. चाळीतली माणसं येऊन उभी राहत होती आणि जात होती. आता तुमच्यावर रागवायला काही शिल्लक नाही, भावजी. आता नुसते तुम्ही नाही आहात.